पाच आकड्यांचा निरोप

गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या वर्गातल्या मुलांनी एक छोटं यंत्र बनवलं. तापमान आणि हवेतला ओलावा मोजणारं सेन्सर एका टोकाला, संगणक दुसऱ्या टोकाला, मध्ये बारीक तार. भर दुपारी, सगळे घामाघूम असताना, पडद्यावर आकडा आला : शून्य अंश. मुलं हसली. एकाने मात्र विचारलं, "सर, यंत्राला खरंच शून्य वाटतंय, की ते बंद पडलंय?"

मी उर्दू-मराठीचा शिक्षक. यंत्रातलं मला फार कळत नाही. पण हा प्रश्न भाषेचा आहे, हे लगेच लक्षात आलं. आणि त्याचं उत्तर आपल्या पुण्याच्या इतिहासात सापडतं.

शिवाजीनगरचा शिमला ऑफिस चौक सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात शिमला कुठून आलं, हे फार थोडे विचारतात. १८६४ मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आलं, त्यानंतर १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. मग १८७५ मध्ये सरकारने भारतीय हवामान खातं उभं केलं. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. लोकांनी इमारतीला नाव दिलं शिमला ऑफिस. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं.

या खात्यापुढची अडचण आमच्या मुलांसारखीच होती. देशभर ठिकठिकाणी तापमापक, वायुभारमापक, पर्जन्यमापक बसवलेले. नोंद घेतली तरी ती वेळेत पोहोचली नाही तर तिचा उपयोग काय? वादळ तर वाट पाहत नाही. साधन एकच होतं, तार. तारेतून एका वेळी एकच खूण जाते, एकामागे एक, जशी तसबीहचे मणी बोटांतून सरकतात. लांबलचक वाक्यं पाठवली तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून हवामानाची सगळी खबर आकड्यांत बांधली गेली.

आजही जगभर चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीत पाच-पाच आकड्यांचे गट असतात. १०२८५ हा गट बघा. पहिला १ म्हणजे हे तापमान आहे. पुढचं ० म्हणजे शून्याच्या वर; तिथे १ असता तर शून्याखाली. उरलेले २८५ म्हणजे २८.५ अंश. दशांशचिन्ह पाठवतच नाहीत, कारण ते कुठे आहे हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक आहे. पहिला आकडा २ असेल तर दवबिंदू, ३ किंवा ४ असेल तर हवेचा दाब. प्रत्येक केंद्रालाही स्वतःचा क्रमांक, पुण्याचा ४३०६३. आणि नोंद मिळालीच नाही, तर तिथे शून्य लिहायचं नाही, तिरपी रेघ लिहायची. आमच्या मुलाचा प्रश्न या पद्धतीने केव्हाच सोडवला होता : शून्य ही माहिती आहे, 'माहीत नाही' ही वेगळी गोष्ट आहे.

आकडे कोणत्या टोकापासून वाचायचे, हाही करारच असतो. उर्दूत अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, पण १८५७ हा आकडा त्याच ओळीत डावीकडून उजवीकडे लिहिला जातो. मराठीत आपण 'सत्तावन' म्हणतो, सात आधी उच्चारतो. लिहिताना मात्र पाच आधी. फोनवर नंबर घेताना अनेकांचा इथेच घोळ होतो. दोन यंत्रांचाही होतो, जर आधी ठरलेलं नसेल तर.

हे सगळं मी मुलांना सांगितलं आणि म्हटलं, आता तुमचा निरोप तुम्हीच बांधा. त्यांनी ठरवलं : आधी सुरुवातीची खूण, मग यंत्राचा क्रमांक ०७, मग तापमान २८५, मग ओलावा ०६४, शेवटी सगळ्या आकड्यांची बेरीज ३२ आणि संपल्याची खूण. वाटेत २८५ चे ३८५ झाले तर बेरीज ३३ येईल, निरोप टाकून द्यायचा. एक मुलगी म्हणाली, "पण २८५ चे २५८ झाले तर?" खरंच, बेरीज तीच राहते! मग त्यांनी प्रत्येक आकड्याला त्याच्या जागेच्या क्रमांकाने गुणलं. खऱ्या निरोपाची बेरीज १५१ आली, चुकलेल्याची १५४. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा आकडा अशाच कामाचा असतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून तो काढलेला असतो, म्हणजे लिहिताना झालेली चूक पकडता येते.

तारेवर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांनाही पडला होता. दुसऱ्या गावाहून तार आली की चाँद दिसला. त्यावर ईद करायची का? तारेत ना पाठवणाऱ्याचा आवाज, ना त्याचं हस्ताक्षर. खबर आणि गवाही यात फरक आहे, असं अनेक उलेमांचं म्हणणं होतं. यावर मोठ्या चर्चा झाल्या. आज कुणी त्यांना जुनाट म्हणून हसतं. मला मात्र वाटतं, त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता : हे कुणी पाहिलं, आणि वाटेत बदललं नाही याची तसदीक काय? मुलांच्या निरोपातला ०७ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, शेवटची बेरीज दुसऱ्याचं. मात्र ०७ नंबरचं यंत्रच चुकीचं मोजत असेल, तर कुठलीच बेरीज ते सांगणार नाही. त्यासाठी माणसालाच जाऊन बघावं लागतं.

म्हणूनच अॅना मणी यांचं नाव घ्यायला हवं. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान कार्यालयात आल्या. तेव्हा आपण बरीच उपकरणं परदेशातून आणत होतो. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे ती इथेच आणि एकसारखी बनावीत. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेलं बरं, अशी त्यांची धारणा होती.

आमच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्षवाल्याला विचारा, पानं किती वेळ ओली राहिली यावर केवडा येणार की नाही हे ठरतं, आणि त्यावर फवारणी. आज बागांमध्ये हे सेन्सर सांगतात. बंद पडलेल्या सेन्सरने 'शून्य ओलावा' कळवला आणि शेतकऱ्याने फवारणी टाळली, तर वर्षाची कमाई जाते.

भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिने शिकवलेली शिस्त मात्र प्रत्येक यंत्रात चालू आहे. आमच्या मुलांच्या यंत्रातली एक तार निघालेली होती, ती जोडली. आता ती निघाली की पडद्यावर शून्य येत नाही, तिरपी रेघ येते.