चोपण जमिनीत जिप्सम का टाकतात? उत्तर आवर्तसारणीत आहे

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या शेजारी ऊस उभा राहिला. पण खोल काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा फार सावकाश होतो. भरपूर पाणी दिलं आणि वर कडक ऊन असलं, की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यातलं कॅल्शियम आधीच चुनखडी होऊन बसतं. ओलाव्यात उरतं ते मुख्यतः सोडियम. अशी जमीन हळूहळू चोपण होते. ओली असताना चिकट चिखल, वाळली की दगड, आणि पाणी दिलं तर ते वरच साचून राहतं.

मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून धन प्रभाराचे आयन त्यांना चिकटतात. कोणते आयन चिकटले, यावर जमिनीचा पोत ठरतो.

आता शाळेतली आवर्तसारणी आठवा. ओळीत उजवीकडे गेलं की अणू लहान होतो, गणात खाली गेलं की मोठा. सोडियमपासून कॅल्शियमकडे जायला एक घर उजवीकडे आणि एक घर खाली सरकावं लागतं, म्हणजे दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. आयनांची त्रिज्याही तशीच निघते: सोडियम १०२ पिकोमीटर, कॅल्शियम १००. आकार जवळजवळ एकच! फरक प्रभाराचा आहे. पहिल्या गणातला सोडियम एकच इलेक्ट्रॉन देतो, दुसऱ्या गणातला कॅल्शियम दोन. दुप्पट प्रभारामुळे कॅल्शियम मातीचे कण जवळ बांधून ठेवतो, माती रवाळ राहते. सोडियमची पकड ढिली असते. कण सुटे होतात आणि मातीची छिद्रं बुजवतात.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो. सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपात पाण्याबरोबर वाहून जातो.

पण या जमिनीत चुनखडी तर आधीच असते, मग विकतचं कॅल्शियम कशाला? कारण इतक्या विम्ल मातीत चुनखडी विरघळतच नाही. जिप्सम लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम विरघळतं, तेवढं पुरतं. इथेही गणाचा कल दिसतो: मॅग्नेशियम सल्फेट सहज विरघळतं, कॅल्शियमचं थोडं, बेरियमचं जवळपास नाहीच. चुनखडीच वापरायची असेल तर गंधक टाकतात. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुनखडी विरघळवतं आणि जिप्सम शेतातच तयार होतं.

‘पांढरा थर दिसला की जिप्सम टाका’ असे मेसेज फिरतात, ते मात्र डोळे झाकून मानू नका. नुसत्या खारवट जमिनीचा सामू ८.५ च्या खाली असतो. तिला निचरा आणि चांगलं पाणी लागतं, जिप्समचा खर्च वाया जातो. चोपण जमिनीचा सामू साधारण ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असतं. हे माती परीक्षणातच कळतं, आणि जिप्समची मात्राही त्या अहवालावरूनच काढतात. चर खोदलेले नसतील तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो आणि उन्हाळ्यात पाण्याबरोबर पुन्हा वर येतो.