संगणक-समूह
संगणक-समूह : स्वतंत्रपणे चालू शकणारे अनेक संगणक जाळ्याने जोडून त्यांच्याकडून एकच मोठे गणनकार्य करवून घेणारी यंत्रणा. अशा जुळण्या पूर्वीही होत्या. परंतु बाजारातील साध्या संगणकांकडून महासंगणकाजोगे काम अल्प खर्चात घेता येते, हे १९९४ मध्ये अमेरिकेतील नासाच्या गॉडर्ड अवकाश उड्डाण केंद्रात टॉमस स्टर्लिंग व डॉनल्ड बेकर यांनी दाखविले. त्यांच्या ‘बेवुल्फ’ समूहात इंटेल ४८६ जातीचे १६ प्रक्रियक होते. कार्यप्रणाली लिनक्स, म्हणजे विनामूल्यच. प्रत्येक संगणकाची स्मृती निराळी असल्याने दुसऱ्याजवळील आकडे संदेशाद्वारेच मागवावे लागतात. खरी अडचण येथे आहे. एका ईथरनेट वाहिनीला हा भार पेलवेना, म्हणून बेकर यांनी संदेश अनेक वाहिन्यांवर विभागणारी आज्ञावली लिहिली. परस्परांवर अवलंबून नसलेल्या तुकड्यांची कामे समूहास सहज साधतात. हवामानाच्या गणितात मात्र प्रत्येक क्षेत्राला शेजारच्या क्षेत्राची स्थिती पायरीगणिक लागते. त्यामुळे संगणक दुप्पट केले तरी वेग दुप्पट होत नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९८ मध्ये सिद्ध केलेला ‘परम १००००’ हाही समूह पद्धतीचाच असून त्यात सन कंपनीची बाजारात मिळणारी यंत्रे जोडलेली होती.