खारपाणपट्ट्यात हरभरा पिवळा पडतोय? युरिया टाकण्याआधी मुळाच्या गाठी बघा

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, संग्रामपूरकडच्या शेतकऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. जमीन काळी, भारी, आणि खालचं पाणी खारट. खरिपात मूग, उडीद, तूर आणि रब्बीत ओलीवर हरभरा ही इथली जुनी पद्धत. पण कडधान्यं मिठाला नाजूक असतात. त्यातही हरभरा आणि मूग जास्तच.

क्षार वाढले की जमिनीत ओल असूनही मुळाला ती ओढता येत नाही. झाड ओलीत उभं राहून तहानलेलं राहतं. पानांच्या कडा करपतात, फुलं गळतात, घाटे कमी भरतात. उगवण आणि फुलोरा या दोन वेळा सगळ्यात नाजूक.

खरा घाव मात्र दिसत नाही, तो मुळावर असतो. कडधान्याच्या मुळावरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र झाडाला देतात. मिठाचा त्रास झाडापेक्षा या गाठींना आधी होतो. गाठी कमी धरतात, बारीक राहतात. चोपण जमिनीत सोडियममुळे माती चिकटून बसते, पाणी मुरत नाही, मुळाला हवा मिळत नाही. गाठींना तर हवा लागतेच. मग झाड पिवळं पडतं आणि आपण युरिया फेकतो. चार दिवस हिरवं दिसतं, पण जास्तीच्या नत्राने गाठी आणखी कमी होतात.

म्हणून पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने दोन-चार झाडं खणून काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर ती काम करतेय. पांढरी, हिरवट किंवा मातकट असेल तर नाही. गाठी चांगल्या असूनही शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता असू शकते. जास्त सामूच्या जमिनीत ती नेहमीची.

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू आणि ईसी हे दोन आकडे बघा. ईसी १ च्या आत असेल तर ठीक, १ ते २ मध्ये उगवणीला त्रास, २ च्या वर कडधान्याचं कठीण. सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण असण्याची शक्यता मोठी. तिथे जिप्सम उपयोगी पडतं, पण किती टाकायचं ते माती तपासणीवरूनच ठरवा. आणि पाणी निघून जायला चर नसेल तर जिप्समचा पैसा वाया.

बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि शेवटी रायझोबियम लावा (१० किलोला २५० ग्रॅम), सावलीत सुकवून लगेच पेरा. पेरणी रुंद वरंबा-सरीवर केली तर पावसाचं पाणी सरीतून निघून जातं. पडीक तुकडा असेल तर पावसाळ्यात धैंचा घेऊन फुलोऱ्याआधी गाडा. तोही शेंगवर्गीयच, पण मीठ आणि साचलेलं पाणी दोन्ही सोसतो.

करनालच्या केंद्रीय संस्थेने क्षार सोसणारा ‘करनाल चना-१’ वाण काढला आहे, पण तो उत्तर भारतासाठी. आपल्याकडे वाण कोणता, ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला विचारूनच ठरवा.

फुलोऱ्यात एक संरक्षित पाणी द्यायचं असेल तर शेततळ्याचं द्या. बोअरचं खारं पाणी देण्याआधी बाटलीभर तपासायला पाठवा. ओलीवर कमी पिकलेला हरभरा परवडतो, खाऱ्या पाण्याने बिघडलेली जमीन पुढची कित्येक वर्षं छळते.