सुई, पितळेचं पातेलं आणि फायब्रोस्कॅन

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द दिसले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, आता लिव्हरमध्ये सुई घालणार का?” बहुतेकांना मी ‘नाही’ असं उत्तर देतो. पण आज आम्ही ज्या भरवशावर ‘नाही’ म्हणतो, तो भरवसा त्या सुईनेच मिळवून दिलाय. त्या इतिहासातलं एक प्रकरण तर आपल्या पुण्यात, रास्ता पेठेत घडलेलं आहे.

आधी सुईबद्दल थोडं. पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरांनी १८८३ च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी सुईने यकृताचा नमुना घेतला होता. तरीही पुढे कित्येक वर्षं डॉक्टर या तपासणीला बिचकत. यकृत श्वासाबरोबर वर-खाली होतं. सुई आत असताना रुग्णाने श्वास घेतला तर यकृत फाटून रक्तस्राव होऊ शकतो. १९५८ साली इटलीच्या ज्योर्जियो मेन्गिनी यांनी अशी पद्धत मांडली की सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहते. तेव्हापासून बायोप्सी जगभर रुळली.

आता रास्ता पेठ. घरातल्या आजी-आजोबांना विचारून पाहा, ‘मुलाला लिव्हर झालंय’ हे वाक्य त्यांनी नक्की ऐकलेलं असेल. एक ते तीन वर्षांचं, बऱ्यापैकी खात्यापित्या घरातलं मूल किरकिरं व्हायचं, पोट फुगायचं, बरगडीखाली यकृत दगडासारखं हाताला लागायचं. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात दोन-दोन मुलं अशी गेल्याची उदाहरणं होती. त्यामुळे हा घराण्यातला दोष असावा, असं डॉक्टरांनाही वाटे. मद्रासचं ‘जम्मी’चं औषध लोक दुरून मागवत. वैद्यकीय पुस्तकांत या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असं नाव होतं. नावातच ‘इंडियन’ होतं, कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

रक्ताच्या तपासण्या यकृत बिघडलंय एवढंच सांगत. का बिघडलंय, ते यकृताच्या तुकड्याने सांगितलं. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या यकृताच्या नमुन्यांना ऑर्सिन नावाचा रंग दिला, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसले. तांबं साठलं की असे कण दिसतात. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये तांबं प्रत्यक्ष मोजलेले आकडे आले, आणि त्या लेखकांमध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असतं. या मुलांमध्ये ते ८०० च्या वर, कधी हजारोंच्या घरात होतं.

एवढं तांबं तान्ह्या मुलाच्या पोटात गेलं कुठून? केईएममधल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. पंडित, आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. अंगावरचं दूध किती महिने दिलं? वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवलं? आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं होतं. १९८३ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. दुधातलं केसिन हे प्रथिन भांड्यातलं तांबं धरून ठेवतं. तान्ह्या मुलाचं यकृत ते पित्तातून पुरेसं बाहेर टाकू शकत नाही. भांड्याला चांगली कल्हई असेल तर दूध आणि तांबं यांची गाठच पडत नाही. कसब्यातल्या तांबट आळीची भांडी वाईट नव्हती. कल्हई उडालेल्या भांड्यात बाळाचं दूध तापवणं वाईट होतं. (मोठ्या माणसांनी तांब्यातलं पाणी पिणं हा वेगळा विषय. ते प्यायला हरकत नाही. बाळाचं दूध मात्र आजही त्यात ठेवू नका.)

यानंतर निदानाची वाट बदलली. ‘दूध कशात तापवता?’ हा प्रश्न कुठल्याही सुईशिवाय धोका ओळखू लागला आणि टाळूही लागला. कावीळ होण्याआधी पेनिसिलामाइन हे औषध सुरू झालेल्या मुलांपैकी अनेक जगली, आणि पुढे त्यांचं औषध बंदही करता आलं. स्टीलची भांडी घरोघरी आली आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. केवळ तांबंच कारण होतं का, की काही मुलांमध्ये जनुकीय कच्चेपणाही होता, यावर मतभेद आहेत. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात असाच आजार होता आणि तिथेही बिनकल्हईची तांब्याची भांडी होती. त्यामुळे मला स्वतःला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

आजच्या बिनसुईच्या तपासण्याही अशाच, सुईच्या खांद्यावर उभ्या आहेत. २००६ साली आलेलं ‘फिब-४’ हे सूत्र बायोप्सी झालेल्या रुग्णांच्या आकड्यांवरून बेतलं होतं. तुम्हीही ते करून पाहू शकता. समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट दोन लाख. वय गुणिले एसजीओटी म्हणजे २४९६. प्लेटलेट हजारांत (२००) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ (८) म्हणजे १६००. भागाकार आला १.५६. तो १.३ च्या खाली असता तर यकृतात मोठे व्रण असण्याची शक्यता फार कमी होती. वयाच्या पासष्टीनंतर ही रेषा २ धरतात. १.५६ म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पण पुढची तपासणी करावी.

ती पुढची तपासणी म्हणजे बहुधा फायब्रोस्कॅन. फ्रान्समध्ये तयार झालेलं हे यंत्र २००३ च्या सुमारास पुढे आलं. बरगड्यांच्या मधे ते हलकी टिचकी मारतं आणि ती लहर यकृतातून किती वेगाने जाते ते मोजतं. यकृत जितकं कडक, तितकी लहर वेगवान. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. साधारण ८ च्या खाली असेल तर निश्चिंत राहता येतं. बायोप्सीत यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग हाती येतो, हे यंत्र त्याहून कितीतरी मोठा भाग पाहतं. पण पोटात पाणी असेल तर ते चालत नाही. हिपॅटायटिसची सूज किंवा हृदय कमजोर झाल्याने यकृतात तुंबलेलं रक्त असेल, तर आकडा खोटा वाढतो.

शिवाय यकृत किती कडक झालंय, एवढंच ते सांगतं. का झालंय, ते सांगत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शंका, औषधाने यकृताला इजा झाल्याचा संशय, सगळ्या तपासण्या करूनही न उलगडणारे वाढलेले एसजीपीटी, दोन तपासण्यांनी दिलेली दोन वेगळी उत्तरं: अशा वेळी तुमचे तज्ज्ञ बायोप्सी सुचवतील. तेव्हा नाही म्हणण्याआधी त्यांना विचारा की या तुकड्याने तुमचे उपचार बदलणार आहेत का. उत्तर ‘हो’ असेल तर सुई घ्या. रक्त पातळ करण्याची गोळी घेत असाल तर ती आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि फायब्रोस्कॅनच सांगितला असेल तर आधीचे तीन तास काही खाऊ नका, चहा-बिस्किटही नाही. जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा फुगून येतो.