रोजच्या जगण्यातलं इंग्रजी: किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी सहा उपयोगी धडे

दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश. पहिल्याच आठवड्यात सर फळ्यावर 'अ‍ॅक्सिलरेशन' लिहितात आणि भराभर पुढे जातात. वर्गातली निम्मी मुलं वहीत उतरवून घेतात, पण विचारत कुणीच नाही. खरं म्हणजे ही गोष्ट त्यांना येत असते. 'त्वरण' म्हणून ती त्यांनी नववीतच शिकलेली असते. फक्त तिचं नाव बदललेलं असतं, आणि "सर, हे म्हणजे त्वरणच ना?" असं विचारायला तोंड उघडत नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावी होईपर्यंत मुलं दहा वर्षं इंग्रजी शिकलेली असतात. तरीही बँकेत, रेल्वेच्या तिकिटावर, औषधाच्या चिठ्ठीवर किंवा मोबाइलवरच्या मेसेजमध्ये इंग्रजी समोर आलं की गडबड होते. कारण परीक्षेतलं इंग्रजी उत्तर लिहायला शिकवतं. रोजच्या जगण्यात मात्र विचारावं लागतं, नकार द्यावा लागतो, चूक कबूल करावी लागते आणि सही करण्याआधी वाचावं लागतं.

या लेखात अशाच सहा प्रसंगांची माहिती घेऊया. हे धडे इंग्रजीचे आहेत, तसेच मोठं होण्याचेही आहेत.

धडा 1: "मला समजलं नाही" हे म्हणता येणं

इंग्रजी शिकणाऱ्याला सर्वात जास्त उपयोगी पडणारं वाक्य कोणतं? "सॉरी, आय डिडन्ट अंडरस्टँड." म्हणजे, माफ करा, मला समजलं नाही. त्याच्या जोडीला आणखी तीन वाक्यं पाठ असू द्या:

• "कुड यू प्लीज से दॅट अगेन?" म्हणजे, पुन्हा एकदा सांगाल का?
• "कुड यू स्पीक स्लोली, प्लीज?" म्हणजे, जरा सावकाश बोलाल का?
• "व्हॉट डझ दॅट वर्ड मीन?" म्हणजे, त्या शब्दाचा अर्थ काय?

या चार वाक्यांवर कुठलाही संवाद पुढे नेता येतो. समजल्यासारखी मान डोलावली, तर पुढचं सगळंच निसटतं.

इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. आपल्या वर्गात "आय हॅव अ डाऊट" सर्रास म्हटलं जातं आणि आपल्याकडे ते सगळ्यांना कळतं. पण भारताबाहेर 'डाऊट' म्हणजे संशय किंवा अविश्वास. परदेशी शिक्षकांच्या ऑनलाइन वर्गात असं म्हटलं, तर त्यांच्या सांगण्यावर तुमचा विश्वास नाही असा अर्थ निघू शकतो. तिथे "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणावं.

धडा 2: आपली अदब इंग्रजीत कुठे जाते?

मराठीत आदर क्रियापदातच असतो. बस, बसा, बसावं. ऐकताक्षणी कळतं की समोर भाऊ आहे, शेजारचे काका आहेत की शाळेचे मुख्याध्यापक. इंग्रजीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तिघांसाठी एकच 'यू' आहे. त्यामुळे "मला फॉर्म द्या" या साध्या, सभ्य वाक्याचं शब्दशः भाषांतर केलं की "गिव्ह मी द फॉर्म" होतं. त्यातला 'द्या'मधला आदर वाटेतच गळून पडतो आणि ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो.

मग इंग्रजीत आदर कुठे असतो? तो असतो प्रश्नाच्या रूपात:

• "गिव्ह मी द फॉर्म." हा हुकूम झाला.
• "कॅन आय हॅव द फॉर्म, प्लीज?" ओळखीच्या माणसाशी हे चालतं.
• "कुड आय हॅव द फॉर्म, प्लीज?" अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाशी हे जास्त शोभतं.

ही पद्धत आपल्याला अगदीच नवी नाही. "जरा फॉर्म देता का?" असं आपणही म्हणतोच. त्यातले 'जरा' आणि 'का' जे काम करतात, तेच काम 'कुड' आणि 'प्लीज' करतात.

फरक एवढाच की आपण घरात आईला "कृपया पाणी दे" म्हणत नाही. तसं म्हटलं तर काहीतरी बिनसलंय असं तिला वाटेल. 'कृपया' हा आपल्याकडे पाटीवरचा शब्द आहे. इंग्रजीत मात्र 'प्लीज' आणि 'थँक यू' घरातही रोज लागतात. तिथे त्यात परकेपणा नसतो.

आणखी एक गोष्ट. आपण अनोळखी माणसाला सहज काका, मावशी, दादा, ताई म्हणतो. इंग्रजीत बोलताना थेट "एक्सक्यूज मी" असं म्हणून सुरुवात करावी. भारतात त्यापुढे 'सर' किंवा 'मॅडम' जोडलं तरी चालतं.

धडा 3: नाही म्हणणं

मराठीत आपण नकार देताना आडवळणाने जातो. "बघतो", "नंतर सांगतो", "घरी विचारून सांगते". यांचा अर्थ 'नाही' असू शकतो, हे आपल्या माणसाला कळतं. पण "आय विल सी" किंवा "मेबी" ऐकल्यावर समोरचा माणूस थांबेलच असं नाही. अजून होकार मिळू शकतो असं त्याला वाटतं.

साधा नकार असा देता येतो:

• "नो, थँक यू." नको, धन्यवाद.
• "सॉरी, आय कान्ट कम टुडे." माफ कर, आज मला यायला जमणार नाही.
• "आय डोन्ट वॉन्ट टू डू दॅट." मला ते करायचं नाही.

सोशल मीडियावर हा धडा जास्त महत्त्वाचा ठरतो. इंग्रजी सुधारायचं म्हणून अनेक मुलं-मुली ऑनलाइन अनोळखी लोकांशी गप्पा मारतात. सुरुवातीला गप्पा अभ्यासाच्या असतात. मग फोटो मागितला जातो, शाळेचं नाव विचारलं जातं, व्हिडिओ कॉलचा आग्रह होतो. अशा वेळी "नो. आय अ‍ॅम नॉट कम्फर्टेबल विथ दॅट" एवढं पुरेसं आहे. म्हणजे, नाही, मला हे योग्य वाटत नाही. कारण देण्याची गरज नाही आणि "सॉरी" म्हणण्याचीही नाही. समोरचा माणूस तरीही मागे लागला तर त्याला ब्लॉक करा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा. घरी सांगणं अवघड असेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

धडा 4: माफी कशी मागावी?

"सॉरी" हा शब्द आता मराठीच झाला आहे. धक्का लागला, सॉरी. फोन उचलला नाही, सॉरी. पण खरी चूक झाली असेल तेव्हा नुसता हा शब्द अपुरा पडतो. चांगल्या माफीला तीन पायऱ्या असतात: काय चुकलं, का चुकलं आणि आता मी काय करणार.

समजा, प्रकल्पाची वही वेळेत दिली नाही. शिक्षकांना असं सांगता येईल:

"आय अ‍ॅम सॉरी, सर. आय डिड नॉट सबमिट माय प्रोजेक्ट ऑन टाइम. आय स्टार्टेड लेट. आय विल गिव्ह इट टुमॉरो मॉर्निंग."

म्हणजे: सर, माफ करा. मी प्रकल्प वेळेत दिला नाही. मी उशिरा सुरुवात केली. उद्या सकाळी देतो.

यात एकही अवघड शब्द नाही. लाइट गेली, प्रिंटर बिघडला अशी सबबही नाही. चूक आपली असेल तर वाक्य 'आय'ने सुरू होतं आणि तिथेच अर्धी माफी मिळते.

आणि एका गोष्टीची माफी कधीच मागू नका: "सॉरी फॉर माय बॅड इंग्लिश." तुम्ही एक जास्तीची भाषा शिकत आहात. त्यात माफी मागण्यासारखं काही नाही.

धडा 5: सही किंवा क्लिक करण्याआधी वाचणं

अनेक घरांत इंग्रजी कागद आला की तो शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात दिला जातो. "बघ रे, काय लिहिलंय." ही मोठी जबाबदारी आहे. त्यासाठी काही नेहमीचे शब्द ठाऊक हवेत.

*फॉर्म भरताना:* 'सरनेम' म्हणजे आडनाव. 'गिव्हन नेम' म्हणजे तुमचं स्वतःचं नाव. पासपोर्टच्या अर्जात आडनाव सोडून बाकीचं नाव, म्हणजे वडिलांच्या नावासह लिहीत असाल तर तेही, याच रकान्यात येतं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर बऱ्याचदा आडनाव आधी असतं आणि आधार कार्डावर शेवटी. हा फरक पुढे त्रासदायक ठरू शकतो, म्हणून सगळ्या कागदांवरचं नाव ताडून पाहा.

*रेल्वेच्या तिकिटावर:* 'सीएनएफ' म्हणजे जागा पक्की. 'आरएसी' म्हणजे गाडीत चढता येतं, पण बर्थ सहसा दोघांत मिळून बसायला मिळतो. 'डब्ल्यूएल' म्हणजे प्रतीक्षा यादी. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट तयार झाल्यावरही पूर्ण प्रतीक्षा यादीतच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. त्यावर प्रवास करता येत नाही.

*औषधाच्या चिठ्ठीवर:* 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा आणि 'एसओएस' म्हणजे गरज लागली तरच. यातली बहुतेक अक्षरं मुळात लॅटिन भाषेतली आहेत. त्यामुळे इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही ती समजतीलच असं नाही. आजीची गोळी देताना अंदाज करू नका, औषधाच्या दुकानात विचारा.

*खाद्यपदार्थाच्या पाकिटावर:* 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत पदार्थाची चव आणि दर्जा चांगला राहील. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' म्हणजे त्या तारखेनंतर तो खाऊच नये.

*मोबाइलवरच्या मेसेजमध्ये:* "युअर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे." तुमचं खातं आज बंद होईल. असा मेसेज आला की घरात घबराट उडते. फसवणारे लोक 'टुडे', 'अर्जंट', 'इमिजिएटली' हे शब्द मुद्दाम वापरतात, कारण घाईत माणूस नीट वाचत नाही. घाई जितकी जास्त, तितका संशय जास्त धरावा. बँक ओटीपी किंवा पिन विचारत नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी टाकावा लागतो, पैसे मिळवण्यासाठी कधीच नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा.

धडा 6: चुकत बोलणं

इंग्रजीचं लिखाण आणि उच्चार यांचा मेळ नेहमी बसत नाही. पावतीला 'रिसीट' म्हणतात, पण लिहिताना त्यात 'पी' असतो. कर्जाला 'डेट' म्हणतात, त्यातला 'बी' मुका. मराठीत बहुतांशी जसं लिहितो तसं बोलतो, त्यामुळे आपण ही अक्षरं उच्चारतो आणि कुणीतरी हसतं. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच 'व' आहे, म्हणून बनियन आणि पश्चिम दिशा हे दोन्ही आपल्या तोंडी 'वेस्ट' होतात.

या चुका अडाणीपणाच्या नाहीत. आपली पहिली भाषा पक्की असल्याच्या त्या खुणा आहेत. हसणाऱ्याला उत्तर देत बसण्यापेक्षा बरोबर उच्चार एकदा ऐका, तीनदा म्हणा आणि पुढे जा.

रोज पंधरा मिनिटांचा सराव

1. दिवसभरात जिथे अडलात, तो एक प्रसंग वहीत मराठीत लिहा. दुकान, वर्ग, फोन, काहीही चालेल.
2. त्या वेळी इंग्रजीत काय म्हणता आलं असतं, ती दोन वाक्यं लिहा.
3. ती मोठ्याने तीनदा म्हणा. मनात म्हटलेलं वाक्य तोंडात येत नाही.
4. घरातली एक इंग्रजी वस्तू रोज वाचा: वीजबिल, बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली.
5. आठवड्यातून एकदा मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर एक प्रसंग करून पाहा. एकाने बँकेतला कर्मचारी व्हावं, दुसऱ्याने ग्राहक.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आपल्या इयत्तेचं पुस्तक जड वाटत असेल तर दोन इयत्ता मागचं घ्या. त्यात कमीपणा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी व्याकरण शिकावं की बोलायला लागावं?
दोन्ही बरोबरीने चालू द्या. काळ आणि प्रश्नाची रचना एवढं व्याकरण रोजच्या बोलण्यासाठी सुरुवातीला पुरतं. बाकीचं बोलता बोलता सुधारतं.

बोलताना मधेच मराठी शब्द आला तर?
येऊ द्या. वाक्य पूर्ण करा, मग तो शब्द शोधा. अडलेल्या शब्दापाशी थांबून राहिलात तर बोलणंच बंद पडतं.

इंग्रजीसाठी मराठी वाचन थांबवावं का?
नाही. 'त्वरण' समजलेल्या मुलाला 'अ‍ॅक्सिलरेशन' हा फक्त एक नवा शब्द असतो. ज्याला कल्पनाच समजलेली नाही, त्याला दोन्ही शब्द सारखेच परके.

घरी कुणालाच इंग्रजी येत नाही. काय करावं?
तुम्ही शिकलेलं घरच्यांना मराठीत समजावून सांगा. आईला तिकिटावरचं 'आरएसी' किंवा आजोबांना चिठ्ठीतलं 'बीडी' समजावताना तुमचं स्वतःचं शिकणं पक्कं होतं, आणि पुढच्या वेळी तो कागद वाचायला घरात दोन माणसं तयार असतात.