अपत्याचा ताबा आणि कौटुंबिक हिंसाचार

कौटुंबिक हिंसाचारामुळे पती-पत्नी विभक्त होतात तेव्हा त्यांची अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुले कोणाजवळ राहावीत, हा प्रश्न भारतीय कौटुंबिक कायद्यात 'अपत्याचा ताबा' या नावाने ओळखला जातो. ताबा आणि पालकत्व या दोन भिन्न संकल्पना आहेत. मुलाचे दैनंदिन संगोपन, निवास व देखभाल म्हणजे ताबा. मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा व त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार म्हणजे पालकत्व. दोन्ही बाबतींत न्यायालयाने मुलाचे हित सर्वोपरी मानावे, असे कायद्याचे मूलभूत तत्त्व आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची हाताळणी दोन स्वतंत्र मार्गांनी होते. पहिला मार्ग दिवाणी वा कुटुंब न्यायालयातील ताब्याच्या दाव्याचा, तर दुसरा न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या तात्पुरत्या ताब्याचा होय. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असल्यामुळे दुसरा मार्ग विशेष महत्त्वाचा ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात वडील हेच मुलांचे स्वाभाविक पालक मानले जात. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह अधिनियमाने विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली. परंतु पतीने मृत्युपत्राद्वारे पालक नेमला नसल्यास, पुनर्विवाहानंतर मुलांसाठी दुसरा पालक नेमावा अशी मागणी मृत पतीच्या नातेवाइकांना न्यायालयाकडे करता येईल, अशी तरतूदही त्याच अधिनियमात होती. नवा संसार मांडणाऱ्या स्त्रीवर मुले गमावण्याची टांगती तलवार कायद्यानेच ठेवली होती.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना लागू होणारा कायदा आजही अमलात आहे. पालक नेमताना मुलाचे वय, लिंग व धर्म, इच्छुक पालकाचे चारित्र्य व क्षमता, नात्यातील जवळीक आणि मूल पुरेसे समजदार असल्यास त्याची पसंती या बाबी विचारात घ्याव्यात, असे या अधिनियमाचे कलम १७ सांगते. लहान वयाच्या मुलासाठी आईची जागा दुसऱ्या कोणालाही पुरेशी भरून काढता येत नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने १९४१ मधील एका निर्णयात व्यक्त केले. पुढील काळातील अनेक निकालांत त्याचा आधार घेतला गेला.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक प्रथम वडील व 'त्यांच्यानंतर' आई असतात. मात्र पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे कलम ६ मध्ये नमूद आहे. 'त्यांच्यानंतर' या शब्दाचा अर्थ बराच काळ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा लावला जात होता. या अर्थाला पहिला महत्त्वाचा छेद विदर्भातील शेतजमिनीच्या एका कुळवादातून मिळाला. वडील हयात असूनही वर्षानुवर्षे विभक्त राहत होते आणि आईच मुलीचा सांभाळ व जमिनीची व्यवस्था करत होती. अशा परिस्थितीत आईलाच नैसर्गिक पालक मानता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये दिला. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर निकाल देताना याच न्यायालयाने 'त्यांच्यानंतर' म्हणजे 'त्यांच्या अनुपस्थितीत' असा व्यापक अर्थ स्पष्ट केला. वडिलांची मुलाविषयी पूर्ण उदासीनता हीदेखील अनुपस्थितीच ठरते.

हिंसाचार आणि मुलाचे हित

पत्नीवरील हिंसाचार हा पती-पत्नीपुरता प्रश्न असून त्याचा वडील म्हणून असलेल्या योग्यतेशी संबंध नाही, असा युक्तिवाद ताब्याच्या दाव्यांत वारंवार केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रकरणांत याहून वेगळी दिशा दाखवली. १९९२ च्या प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर वडिलांवर क्रूरतेचा फौजदारी खटला सुरू होता. मुलांनी मामाकडे राहण्याची इच्छा स्पष्टपणे सांगितली आणि न्यायालयाने वडिलांऐवजी मामाकडे ताबा दिला. २००८ च्या प्रकरणात वडिलांवर पत्नीच्या हुंडाबळीचा आरोप होता. अशा आरोपाकडे व मुलाच्या इच्छेकडे खालच्या न्यायालयांनी दुर्लक्ष केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नापसंती व्यक्त केली आणि मुलाला आजी-आजोबांकडेच ठेवले. ताबा ठरवताना केवळ कायदेशीर हक्क किंवा आर्थिक सुबत्ता पाहून भागत नाही. मुलाची सुरक्षितता, भावनिक आधार आणि मनातील भीती यांचाही विचार करावा लागतो, हे या निकालांतून प्रस्थापित झाले.

मुलाची इच्छा जाणून घेण्यासाठी न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात त्याच्याशी एकट्याने बोलतात. ही इच्छा महत्त्वाची असली तरी बंधनकारक नसते, कारण मुलावर कोणाचा दबाव आहे काय, हेही तपासावे लागते. ताब्याचा आदेश कायमचा अंतिम मानला जात नाही. परिस्थिती बदलल्यास त्यात बदल करून घेता येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के, तर महाराष्ट्रातील सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार झाल्याचे सांगितले. यावरून ताब्याच्या प्रश्नात हिंसाचाराचा घटक अपवादात्मक नसल्याचे दिसते.

२००५ चा अधिनियम व तात्पुरता ताबा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक व लैंगिक अत्याचाराबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही हिंसाचाराच्या व्याख्येत समावेश आहे. या अधिनियमातील अपत्यासंबंधीच्या प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

कलम १८ : संरक्षण आदेशाद्वारे उत्तरवादीस, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्या व्यक्तीस, मुलाच्या शाळेत प्रवेश करण्यास मनाई करता येते.

कलम १९ : स्त्रीला सामाईक घरातून बाहेर काढण्यास प्रतिबंध करता येतो किंवा तिच्यासाठी पर्यायी निवासाची व्यवस्था करण्याचा आदेश देता येतो.

कलम २० : स्त्रीला व तिच्या मुलांना निर्वाहखर्च मिळू शकतो.

कलम २१ : अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, सुनावणीच्या कोणत्याही टप्प्यावर मुलांचा तात्पुरता ताबा अर्जदार स्त्रीकडे देता येतो. वडिलांच्या भेटीची व्यवस्था आदेशात नमूद करता येते. मात्र भेट मुलाच्या हितास बाधक ठरेल असे न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाल्यास त्यांनी ती नाकारलीच पाहिजे.

कलम २३ : तातडीच्या प्रसंगी प्रतिज्ञापत्राच्या आधारे एकतर्फी अंतरिम आदेश देता येतो.

अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि तेथून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, अशी अपेक्षा कलम १२ मध्ये आहे. प्रत्यक्षात ही मुदत पाळली जातेच असे नाही. संरक्षण आदेशाचा भंग हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते.

आदेश नसल्यास उद्भवणारी स्थिती

घर सोडलेल्या स्त्रीजवळील मूल वडिलांनी परत नेल्यास पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवून मूल आणून देतील, असा समज सर्वत्र आढळतो. कायद्याची स्थिती तशी नाही. ताब्यासंबंधी न्यायालयाचा कोणताही मनाई आदेश नसताना नैसर्गिक पालक असलेल्या वडिलांनी मूल नेले तर तो अपहरणाचा गुन्हा ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये एक गुन्हा रद्द करताना स्पष्ट केले. त्यामुळे मूल प्रत्यक्षात आईजवळ असणे पुरेसे नसते. तिच्या हाती तात्पुरत्या ताब्याचा व संरक्षणाचा लेखी आदेश असणे निर्णायक ठरते.

मूल बेकायदेशीररीत्या अडकवून ठेवले असल्यास संविधानाच्या अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल करता येते. तथापि हा असाधारण उपाय असून सविस्तर पुराव्याची आवश्यकता असलेले वाद नियमित न्यायालयाकडेच सोपवले जातात.

भंडारा जिल्ह्यातील व्यवस्था

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा धान उत्पादक जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे त्याचे सात तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२,००,३३४ आहे. जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरासाठी कुटुंब न्यायालय स्थापन करणे राज्य शासनावर बंधनकारक आहे. इतरत्र ते शासनाच्या निर्णयावर अवलंबून असते. कुटुंब न्यायालय नसलेल्या क्षेत्रात पालक व पाल्य अधिनियमाखालील ताब्याचे अर्ज जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत येतात. लाखांदूर किंवा पवनीच्या टोकाकडील गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी वारंवार येणे म्हणजे रोवणी-कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवणे होय. याउलट २००५ च्या अधिनियमाखालील अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. तुमसर, साकोली, पवनी यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ही न्यायालये आहेत.

अधिकारक्षेत्राचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. १८९० च्या अधिनियमानुसार मूल जेथे 'सामान्यतः' राहते तेथील न्यायालयात दावा करावा लागतो. विवाहानंतर नागपूर, बालाघाट किंवा अन्यत्र राहणारी स्त्री मुलासह माहेरी परतल्यास, मूल सामान्यतः कोठे राहते यावरूनच वाद सुरू होतो. २००५ च्या अधिनियमात मात्र स्त्री जेथे कायमस्वरूपी किंवा तात्पुरती राहते तेथेही अर्ज करण्याची मुभा आहे. त्यामुळे माहेरच्या तालुक्यातच तिला दाद मागता येते.

अर्जासाठी पुढील यंत्रणांचे साहाय्य उपलब्ध असते:

संरक्षण अधिकारी : कौटुंबिक घटना अहवाल तयार करणे, अर्ज दाखल करण्यास मदत करणे, वैद्यकीय तपासणी व निवारागृहाची व्यवस्था पाहणे ही त्यांची कर्तव्ये आहेत. त्यांच्यामार्फत न जाता स्त्रीला थेट न्यायालयातही अर्ज करता येतो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व तालुका विधी सेवा समिती : १९८७ च्या अधिनियमानुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

विशेष साहाय्य कक्ष : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलीस दलात महिला व बालकांसाठी असा कक्ष सुरू झाला. पुढे हा उपक्रम राज्याच्या अन्य भागांत विस्तारला.

मदत क्रमांक : महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.

गावपातळीवरील समझोते

ग्रामीण भागात असे वाद न्यायालयापूर्वी नातेवाइकांच्या बैठकीत किंवा गावच्या तंटामुक्त समितीपुढे येतात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यात २००७ मध्ये सुरू झाली. अशा बैठकीत मुले कोणाकडे राहतील याचा कागद केला जातो. हा कागद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो. परंतु तो न्यायालयाचा आदेश नसतो आणि त्याच्या भंगाबद्दल २००५ च्या अधिनियमाखाली शिक्षा होत नाही. मुले सोडून देण्याच्या अटीवर झालेली तडजोडही न्यायालयावर बंधनकारक नसते, कारण मुलाचे हित आई-वडिलांच्या करारावर अवलंबून ठेवता येत नाही.

शिक्षणाचा प्रश्न

घर अचानक सोडावे लागल्यास मुलाची पुस्तके व कागदपत्रे मागेच राहतात. शाळा सोडल्याचा दाखला सासरच्या गावी अडून राहिल्याने मुलाचे वर्ष वाया जाण्याची भीती असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ५ नुसार दाखला सादर करण्यास विलंब झाला, या कारणावरून शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. ही तरतूद सहा ते चौदा वर्षे वयोगटातील मुलांच्या प्राथमिक शिक्षणास लागू आहे. नव्या शाळेतील नियमित हजेरी ही मूल तेथे स्थिरावल्याचा पुरावा म्हणूनही ताब्याच्या दाव्यात उपयोगी पडते.

सुधारणांच्या शिफारशी

पालकत्वातील स्त्री-पुरुष विषमता दूर करावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९८९ च्या १३३ व्या अहवालात केली. मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात आई व वडील यांना नैसर्गिक पालक म्हणून समान दर्जा द्यावा आणि योग्य प्रकरणी संयुक्त ताब्याचा पर्याय असावा, असे सुचवण्यात आले. संयुक्त ताब्यामुळे मुलाला दोघांचा सहवास मिळतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. हिंसाचार झालेल्या कुटुंबात मात्र मुलाच्या देवाणघेवाणीची प्रत्येक भेट ही धमकीची नवी संधी ठरू शकते, असा आक्षेप घेतला जातो. कलम २१ मधील भेट नाकारण्याची तरतूद हा याच आक्षेपाचा कायद्याने केलेला स्वीकार होय. १९५६ च्या अधिनियमातील 'त्यांच्यानंतर' हे शब्द मात्र अद्याप कायम आहेत.