हँडलला बांधलेली काकणं

मोटारसायकलवरून मुक्कामाला निघालं की जेवणाचं गणित तीन गोष्टींवर बसतं : वजन, पाणी आणि टिकाऊपणा. चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीमार्गे नार्व्याला येणाऱ्या मित्रांना मी एकच सांगतो, वाटेत पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, काकणं घ्या, दोरीत ओवा, कापडी पिशवीत घालून हँडलला बांधा.

काकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव. मोडला की कटकन आवाज होतो आणि मांडीवर चुरा सांडतो. मधल्या भोकामुळे भट्टीची धग आतून-बाहेरून लागते, गाभ्यात ओल उरत नाही. ओल नाही म्हणून बुरशीही लवकर धरत नाही. मऊ पाव दुसऱ्या दिवशी वातड होतो, काकण डब्यात घट्ट झाकून ठेवलं तर बरेच दिवस खुसखुशीत राहतं.

पाव गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आला, साष्टीत भट्ट्या पेटल्या, यीस्टच्या जागी माडाची सूर वापरली गेली; हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला भुरळ घातली ती एका अरबी शब्दानं : कअक. अरबांचा कअक हाही बहुधा कडीच्या आकाराचा, कोरडा भाजलेला आणि प्रवासाला सोबत न्यायचा पाव. दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकच्या पाकग्रंथातही तो आहे. कअक आणि काकण! आकार तोच, काम तेच, आणि नावही जवळजवळ तेच.

जाणकार लगेच अडवतील : अहो, कंकण म्हणजे बांगडी, पाव बांगडीसारखा दिसतो म्हणून काकण, त्यासाठी बगदादला कशाला जायचं? आक्षेप वजनदार आहे आणि आकारावरून नाव पडणं अगदी स्वाभाविक आहे. पण परका शब्द गावात आला की कान त्याला ओळखीच्या शब्दाच्या खुंटीवर टांगतो. अरब खलाशांनी कअक म्हटलं असेल, तर कोकणी कानाला काकणच ऐकू येणार.

पण हे खलाशी गोव्यात होते का? होते, आणि नार्व्याच्या देवाशी त्यांचा संबंध फार जवळचा आहे. नार्व्याचा सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव इकडे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. याच कदंबांचा एक राजा सोमनाथाच्या यात्रेला समुद्रमार्गे निघाला असताना त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली. गोव्याच्या बंदरात त्याला मदत केली ती एका अरब व्यापाऱ्यानं, आणि त्या व्यापाऱ्याच्या नातवाला पुढं कदंबांच्या राज्यात मोठा अधिकार मिळाला. अकराव्या शतकातल्या ताम्रपटात ही हकिकत आहे. अरबांची जहाजं येत होती म्हणजे त्यांच्या प्रवासाची कोरडी भाकर बंदरावर उतरली असणारच, असं मी ठामपणे म्हणतो.

दुसरा प्रतिस्पर्धी पक्ष पोर्तुगीजांचा. त्यांच्या जहाजांवर दोनदा भाजलेलं बिस्कीट असे आणि त्यांच्याकडेही कडीच्या आकाराचा पाव, रोस्का, आहे. भट्टी त्यांची, आंबवण्याचं तंत्र त्यांचं, हे मला मान्य आहे. पण मग नाव रोस्का का उरलं नाही? पोदेर, पाव, बिस्कीट ही नावं राहिली, एवढं एकच गळालं? माझ्या मते नाव आणि आकार आधीपासून बंदरावर होते, पोर्तुगीज भट्टीनं त्यांना नवा पाव दिला.

आता नार्व्यातलं जेवण. गावात विचारून, माणसं सांगतील तिथंच तंबू ठोकायचा. संध्याकाळी एका बर्नरवर कुळथाची पिठी : थोड्या तेलात लसूण आणि हिरवी मिरची परतायची, पाणी, मीठ आणि दोन आमसुलं घालून उकळी आणायची, गार पाण्यात कालवलेलं पीठ सोडून ढवळत राहायचं. दहा मिनिटांत तयार. भात शिजवायचा नाही, त्यात पाणी आणि गॅस दोन्ही जातात. काकणं मोडून गरम पिठीत टाकायची आणि क्षणभर थांबायचं; कडा कडक आणि गाभा मऊ असतानाच खायला घ्यायचं. सकाळी तीच काकणं चहात बुडवायची. माणशी रात्रीला चार आणि सकाळी दोन पुरतात. भूक मोठी असेल तर दोन जास्त ओवावीत.